प्लास्टिकवरचा क्रोम: घासू की नको घासू?

गंजलेला_नट (धागाकर्ता)

मंडळी, आधी कबुलीजबाब, मग प्रश्न.

माझी गाडी म्हणजे १९७८ सालची, जपानी, दोन सिलिंडरची मोटरसायकल. इंजिन उघडून बसवून झालं, वायरिंग बदललं, टाकीला रंग झाला. उरला होता तो फक्त चकचकाट: मीटरच्या खालच्या दोन वाट्या, चार इंडिकेटर, साइड कव्हरवरच्या नावाच्या पट्ट्या आणि हेडलाइटची रिंग. हे सगळं पत्र्याचं आहे असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. रविवारी टॅकोमीटरची वाटी काढली, सायलेन्सरला वापरतो तीच मेटल पॉलिशची ट्यूब घेतली आणि घासायला बसलो. फडकं काळं व्हायला लागलं तसा हुरूप आला. म्हटलं, इतक्या वर्षांचा मळ निघतोय. हात दुखायला लागले म्हणून ड्रिलला फेल्टचं चाक लावलं. कडेला पिवळट झाक आली. मला वाटलं, हाही मळच. अजून दाबलं. मग तांबडं दिसलं, आणि पाठोपाठ नखाएवढा पापुद्रा उडून थेट चष्म्यावर आला. खाली काळं प्लास्टिक.

दुसरी वाटी, इंडिकेटर आणि पट्ट्या अजून शाबूत आहेत. त्यांना हात लावायच्या आधी इथे विचारतोय. प्लास्टिकवरचा क्रोम साफ कसा करायचा? आणि गेलेला परत येतो का?

चोक_ओढा

मळ नव्हता हो तो, वाटीच निघत होती. चष्मा होता हे नशीब.

मडगार्ड

ड्रिल कशाला? सोपा उपाय सांगतो. ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळायची, पाण्यात बुडवायची आणि घासायचं. माझ्या मागच्या मडगार्डवरचा गंज असा गेला की त्यात बघून भांग पाडावा.

रसायनवाली

मडगार्ड, तुमचा उपाय खरा आहे, पण तो पोलादासाठी. पोलादावरच्या क्रोमला बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी खाली लोखंडापर्यंत पोचतं आणि गंज वर येतो. फॉइल क्रोमपेक्षा बरीच मऊ, म्हणून ती गंज खरवडते आणि क्रोम वाचतो. प्लास्टिकच्या वाटीत लोखंडच नाही, तर गंज यायचा कुठून? तिथे फॉइलला काढायला काही नसतं, चुरगाळलेल्या कडांचे चरे तेवढे पडतात.

गंजलेला_नट, तुमच्या वाटीने तुम्हाला आपली जन्मकुंडली एकेक पान उलटून दाखवली आणि तुम्ही तिला मळ समजलात. निळसर चंदेरी म्हणजे क्रोम. पिवळट म्हणजे निकेल. तांबडं म्हणजे तांबं. त्याखाली एबीएस प्लास्टिक.

हे थर बसतात कसे ते थोडं सांगते, म्हणजे काय करायचं नाही ते आपोआप कळेल. एबीएसमधला बी म्हणजे ब्युटाडाइन, रबराचे अतिसूक्ष्म गोळे. कारखान्यात हा भाग क्रोमिक आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या गरम मिश्रणात बुडवतात. ॲसिड पृष्ठभागावरचे रबराचे गोळे खाऊन टाकतं आणि तिथे खळगे पडतात. त्या खळग्यांत धातू घट्ट अडकतो. पण प्लास्टिकमधून वीज जात नाही, म्हणून आधी पॅलेडियमचे कण पेरून विजेशिवायच निकेलचा किंवा तांब्याचा पातळ थर चढवतात. आता वीज जाते. मग खरं मुलामा देणं सुरू: तांब्याचे साधारण १५ ते २० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), निकेलचे १० च्या आसपास, आणि सगळ्यात वर क्रोम. तो किती? एका मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. माणसाचा केस ७० मायक्रॉनचा धरला तर क्रोमचा थर त्याच्या दोनशेव्या भागाएवढा.

आपण ज्याला क्रोमची चमक म्हणतो ती बरीचशी खालच्या निकेलची असते. क्रोम वर नुसता पहारा करतो, निकेलला काळवंडू देत नाही. तुम्ही पहारेकऱ्यालाच घासून घालवलंत.

पापुद्रा का उडाला? गरम झाल्यावर एबीएस क्रोमच्या दहापटीहून जास्त फुगतं. मधलं तांबं मऊ असतं, ते उशीसारखं हा ताण झेलतं. पण फेल्टचं चाक एकाच जागी दाबलं तर तिथलं प्लास्टिक तापतं आणि पकड सुटते. एबीएस १०० अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडतं. ड्रिलला तिथवर पोचायला वेळ लागत नाही. हीटगन तर दाखवूही नका.

चोक_ओढा

दोनशेवा भाग! आणि आम्ही अंगठ्याने जोर लावून घासतो. वाचनखूण साठवली.

तिसरा_गिअर

रसायनवाली ताईंनी सांगितलं ते पाण्यात बुडवून चढवलेल्या मुलाम्याबद्दल. जुन्या गाड्यांवर दुसराही एक 'क्रोम' असतो, ज्यात क्रोमचा कणसुद्धा नसतो. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून ती भागावर बसवतात. खाली लॅकर (रंगासारखा पारदर्शक लेप), वर लॅकर, मध्ये ॲल्युमिनियमचा नावापुरता थर. नावाच्या पट्ट्या, बिल्ले, स्विचच्या कडा वगैरे बऱ्याचदा असे असतात. दोन्हींची काळजी वेगळी, म्हणून फडकं हातात घेण्याआधी ओळख पटवा.

चुंबक लावा. चिकटलं तर पोलाद, मडगार्डसाहेबांची फॉइल चालेल. चिकटलं नाही तर लगेच प्लास्टिक समजू नका, पितळ किंवा जस्ताचा ओतीव भागही असू शकतो. नखाने टिचकी मारा. धातू टणकन वाजतो, प्लास्टिक टक करतं.

प्लास्टिक ठरलं की भाग उलटा करून मागची बाजू बघा. बुडवून मुलामा दिलेल्या भागाची आतली बाजूही बहुतेक चंदेरी असते, फक्त मंद, आणि मुलामा देताना भाग जिथे टांगला होता तिथला डाग कुठेतरी दिसतो. वाफेचा मुलामा समोरून बसतो, मागे उघडं प्लास्टिक राहतं किंवा कडेला धुरकट झाक येते.

तरी शंका असेल तर मल्टिमीटर घ्या. बझरवर ठेवून दोन्ही टोकं भागावर अलगद टेकवा, खरवडू नका. वाजला तर वर उघडा धातू आहे, म्हणजे खरा मुलामा. नाही वाजला तर वर लॅकर आहे. तुम्ही जे घासणार ते लॅकर, आणि लॅकर फाटलं की खालचं ॲल्युमिनियम एका पुसण्यात गायब.

गंजलेला_नट (धागाकर्ता)

रात्री अकरा वाजता मल्टिमीटर घेऊन बसलो होतो. निकाल असा: वाट्या वाजल्या, आत पण चंदेरी. इंडिकेटर वाजले. नावाच्या पट्ट्या नाही वाजल्या, मागे काळं प्लास्टिक. आणि हेडलाइटच्या रिंगला चुंबक चिकटलं!

मडगार्ड

बघा! एक भाग तरी माझा निघाला.

टाकी_फुल

धुण्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. मी आतापर्यंत सात-आठ गाड्यांचे असे भाग साफ केले असतील. माझं मत, यातलं तीन चतुर्थांश काम नुसत्या पाण्याने होतं आणि बहुतेक नासाडी पाण्यानंतरच्या उत्साहात होते.

भाग गाडीवरून काढता आला तर काढा. काढताना स्क्रूखालचे रबरी वॉशर सांभाळून ठेवा. बादलीत कोमट पाणी, चटका बसेल इतकं गरम नको, आणि त्यात भांड्याच्या सौम्य लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब. भाग तासभर भिजू द्या. मीटरच्या वाट्या आणि इंडिकेटर भिजवताना आतले बल्ब, वायर, रबर आधी काढा हे सांगायला नको, पण सांगतो. मग मऊ कापडाने वरून खाली पुसत या, गोलगोल घासू नका. कापडात अडकलेला एक वाळूचा कण गोलगोल फिरला की कायमची जाळी उमटते. अक्षरांच्या खाचांत लहान मुलांचा मऊ टूथब्रश, आणि त्यानेही न निघणारं असेल तर बांबूची टूथपिक पाण्यात मऊ करून. पिन नको, कटर नको.

डांबराचा किंवा चिकटपट्टीचा डाग असेल तर कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तेवढ्याच जागी टेकवा आणि लगेच ओल्या कापडाने पुसा. लॅकरवाल्या भागांना हेही आधी मागच्या बाजूला करून बघा. मग साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा, आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. कोपऱ्यात पाणी राहिलं की पांढरे ठिपके पडतात आणि माणूस पुन्हा घासायला बसतो.

एवढं झालं की भाग एक दिवस तसाच ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी उजेडात बघा. निम्म्या वेळा वाटतं, अरे, झालं की. पॉलिश लागलंच नाही.

चोक_ओढा

टूथपेस्टने काढतात ना लोक? आणि पेट्रोलचं फडकं तर सगळीकडेच फिरतं.

रसायनवाली

टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते. दातांना चालते, कारण दातांवरचं इनॅमल एक तृतीयांश मायक्रॉनचं नसतं.

पेट्रोल, थिनर, ॲसिटोन तिन्ही एबीएसचे वैरी. मुलाम्याला काही होत नाही असं वाटतं, पण स्क्रूच्या भोकातून आणि कडेच्या फटीतून ते आत शिरतं. स्क्रूच्या दाबाखाली असलेलं प्लास्टिक अशा वेळी बारीक तडकतं, कधीकधी दोन दिवसांनी. डिस्क ब्रेक असलेल्या गाडीत आणखी एक गनीम मीटरच्या डोक्यावरच बसलेला असतो, मास्टर सिलिंडर. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल रंग तर खातंच, पण प्लास्टिकची छोटी मॉडेल्स बनवणारे लोक सुट्या भागांवरचा चकचकीत थर उतरवायला हेच वापरतात. दुसरं काय वापरतात माहीत आहे? कपड्याचं ब्लीच. त्यातल्या अल्कलीने ॲल्युमिनियम विरघळतं. म्हणून नावाच्या पट्टीला ब्लीच, ओव्हन क्लीनर किंवा कॉस्टिक असलेलं काहीही लावू नका.

खऱ्या मुलाम्याला अल्कलीपेक्षा टॉयलेट क्लीनरची भीती. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि क्रोम त्यात विरघळतो. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव्य आणि काही मेटल पॉलिश तांब्याला खातात. क्रोमला कुठे छिद्र असेल तर तिथून आत घुसतात.

गंजलेला_नट (धागाकर्ता)

छिद्रांवरून आठवलं. धुतल्यावर मागच्या दोन इंडिकेटरवर हिरवट-पांढरे ठिपके उरलेत. बोटाला खडबडीत लागतात. हे काय? आणि हे घासायचं की...

रसायनवाली

प्रश्न अर्धवट सोडलात ते बरं केलंत. :)

हिरवट म्हणजे तांब्याचा कळंक. क्रोम-निकेलमधल्या छिद्रातून ओल खाली गेली, तांबं खाल्लं गेलं आणि त्याचे क्षार वर फुगून आले. वरचा खडबडीतपणा ओल्या टूथपिकने अलगद उचलता येतो. खालचा खड्डा भरून येत नाही. आंबट काहीतरी लावून हिरवं विरघळवायचा मोह होईल. हिरवं जाईल, पण ॲसिड त्याच छिद्रात बसून राहील आणि पुढच्या पावसाळ्यात ठिपका दुप्पट होईल. खड्डा स्वच्छ करा, कोरडा करा, त्यावर मेण भरा. चांगलं कार्नोबा मेण, अगदी पातळ. ओल आत जाणं थांबलं की ठिपका आहे तिथे थांबतो.

टाकी_फुल

सुटायला लागलेल्या कडेलाही असंच. पापुद्रा उचकटून बघायची खाज सगळ्यांना येते. उचकटू नका, त्याची धार ब्लेडसारखी असते, माझं बोट साक्षीला आहे. सुटलेल्या कडेखाली टूथपिकच्या टोकाने पातळ सुपरग्लूचा एकच थेंब सोडा, वर बेकिंग पेपरचा तुकडा ठेवून दाबून धरा. पापुद्रा आधीच गेला असेल तर उरलेल्या कडेवर पारदर्शक नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा, फक्त धातूच्या कडेवर, उघड्या प्लास्टिकवर पसरवू नका. दिसायला विशेष नाही, पण पापुद्रा पुढे सरकत नाही. माझ्या एका गाडीवर अशी रेघ सहा वर्षं टिकून आहे.

तिसरा_गिअर

आता मोठा प्रश्न, गेलेला परत येतो का.

येतो, पण नेहमीच्या प्लेटिंगवाल्याकडे नाही. धातूवर क्रोम चढवणारे बहुतेक जण प्लास्टिक घेत नाहीत, कारण ॲसिडचा खळगे पाडणारा टप्पा आणि पॅलेडियमचा टप्पा त्यांच्याकडे नसतोच. प्लास्टिक करणारे कारखाने हजारोंच्या हिशेबात काम करतात, तुमची एक वाटी त्यांच्या कामाची नाही. जुन्या भागांचं काम घेणारे थोडे आहेत. त्यांना आधी जुने थर उतरवावे लागतात, आणि त्यात जुनं प्लास्टिक वाकण्याचा किंवा अक्षरांच्या कडा बोथट होण्याचा धोका असतो. घरी करायचा विचारही नको. त्या ॲसिडमध्ये सहा संयुजेचं क्रोमियम असतं, ते कर्करोगकारक आहे. युरोपियन युनियनमध्ये क्रोमियम ट्रायऑक्साइड २१ सप्टेंबर २०१७ पासून परवानगीशिवाय वापरता येत नाही.

दुसरा रस्ता स्प्रे क्रोम. नाव क्रोम, काम चांदीचं. गुळगुळीत चकचकीत बेसकोटवर आधी टिन क्लोराइड, मग एका नळीतून चांदीचं द्रावण आणि दुसऱ्यातून ते चांदीत बदलणारं द्रावण, दोन्ही एकाच वेळी फवारतात. समोर बघता बघता आरसा तयार होतो. ही युक्ती जुनी आहे, जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३५ मध्ये काचेवर असाच चांदीचा आरसा बनवला होता. उष्णता लागत नाही, म्हणून प्लास्टिकला चालतं. वर दोन घटकांचा पारदर्शक कोट द्यावाच लागतो, नाहीतर चांदी काळी पडते. चमक छान येते. पण चांदी क्रोमपेक्षा उबदार दिसते, आणि शेजारी खरा क्रोम असेल तर फरक कळतो. एक इंडिकेटर कराल तर चारही करावे लागतील.

चोक_ओढा

आणि ते बाटलीतलं, पेनमधलं लिक्विड क्रोम? व्हिडिओत तर आरसाच होतो.

तिसरा_गिअर

व्हिडिओत कुणी बोट लावत नाही. बारीक जागांसाठी ते उत्तम, म्हणजे अक्षरांच्या कडा, पट्टीची किनार. बरेच दिवस वाळू द्यावं लागतं, आणि वर पारदर्शक कोट मारला की बऱ्याचदा आरशाचा ॲल्युमिनियम पेंट होतो. मीटरच्या वाटीला रोज हात लागतो, तिथे नको. किनारीसाठी मॉडेलवाल्यांची पातळ चिकट फॉइल मला जास्त आवडते. टूथपिकने दाबून बसवायची, नव्या ब्लेडने कापायची, चुकली तर सोलून दुसरी.

स्प्रे करायचा विचार असेल तर त्या भागाला सिलिकॉनवालं पॉलिश लावू नका. रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात आणि पेंटर तुमच्या नावाने बोटं मोडतो.

मडगार्ड

अवांतर: मुळात हे सगळं नवं का करायचं? गाडी पन्नाशीला आली. तिच्या वाटीवर चार ठिपके असले तर बिघडलं काय?

टाकी_फुल

फॉइलने मडगार्डचा आरसा करणारा माणूस हे म्हणतोय!

मडगार्ड

म्हणून तर म्हणतोय. मडगार्डचा आरसा झाला आणि त्याच्या शेजारचं बाकी सगळं म्हातारं दिसायला लागलं. तेव्हापासून दर रविवारी काहीतरी घासतोय.

रसायनवाली

जाता जाता एक. हेडलाइटची रिंग काढाल तेव्हा आतला रिफ्लेक्टर दिसेल, धुळकट. हात शिवशिवतील. त्यावर बहुतेक वेळा वाफेने बसवलेलं ॲल्युमिनियमच असतं, आणि त्यावरचं संरक्षण असून नसल्यासारखं. हवेच्या फुग्याने धूळ उडवा आणि रिंग लावून टाका. कापड नाही, साबण नाही, बोट नाही. पुसलात तर रात्री प्रकाश अर्धा होईल आणि तुम्ही बॅटरीला दोष देत बसाल.

गंजलेला_नट (धागाकर्ता)

दोन आठवडे गायब होतो, काम चालू होतं. हिशेब देतो.

रिंग फॉइलने घासली, मस्त झाली. रिफ्लेक्टरला हात लावला नाही, फुंकरसुद्धा फुग्याने मारली. नावाच्या पट्ट्या फक्त धुतल्या, एकीच्या किनारीला मॉडेलवाली फॉइल लावली. तिसऱ्या प्रयत्नात जमली. इंडिकेटरचे ठिपके टूथपिकने उचलून मेण भरलं. दोन फुटांवरून दिसत नाहीत, जवळून दिसतात.

पण एक घोळ झाला. इंडिकेटरच्या क्रोम दांड्या धातूच्या निघाल्या. त्यावर मी हौसेने पारदर्शक लॅकर मारलं, नटाखालच्या जागेवरही. जोडून बटण दाबलं तर मागचा उजवा पेटेना. बल्ब बदलला, फ्लॅशर बदलला, फ्यूज तपासला. अर्धा दिवस गेल्यावर लक्षात आलं, बल्बची अर्थ त्याच दांडीतून फ्रेमला जाते आणि मध्ये माझं लॅकर बसलंय. नटाखालचं तेवढं खरवडलं, लगेच पेटला.

चोक_ओढा

म्हणजे शेवटी घासलंतच!

टाकी_फुल

आणि ती पहिली वाटी? जिचं काळं प्लास्टिक दिसत होतं?

गंजलेला_नट (धागाकर्ता)

तिच्या फाटलेल्या कडेला नेलपॉलिशची रेघ ओढली. दोन्ही वाट्या एकसारख्याच आहेत असं कळलं, म्हणून अदलाबदल करून फाटकी बाजू दुसऱ्या मीटरकडे वळवली. आता ती फक्त मला दिसते, तीही चावी लावताना वाकलो तर.